दिवेलागणीच्या वेळच्या खोड्या

डोंबिवलीहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्यातला आवश्यक तेवढा भाग आधी देते.

"आमच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात सासू-सासरे, आम्ही दोघे, पाच वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा असे सहाजण राहतो. मी बँकेत नोकरी करते आणि साडेसहाला घरी येते. यजमान अंधेरीहून येतात, त्यांना सव्वानऊ होतात. मुलांनी अक्षरशः नाकी नऊ आणले आहेत. मी कुकर लावून भाजी चिरत असताना मुलीने तांदळाचा आणि तूरडाळीचा डबा आंघोळीच्या बादलीत ओतला, वर पाणी घातले आणि भावाला हाताने ढवळायला लावले. विचारले तर म्हणाली, 'खिचडी.' सासरे संध्याकाळी बातम्या बघताना कवळी काढून वाटीत ठेवतात. ती नाहीशी झाली आणि दोन दिवसांनी तुळशीच्या कुंडीत सापडली. मी पोळ्या लाटत असताना दोघांनी बाहुलीचे लग्न म्हणून बाहेरच्या खोलीच्या भिंतीला हळद फासली. मी साबणाने घासायला गेले तर भिंत लालभडक झाली आणि सासूबाई घाबरल्याच. रविवारी नणंदेच्या सासरची मंडळी जेवायला आली असताना धाकट्याने स्वतःला बाथरूममध्ये कोंडून घेतले. सुतार येऊन दार निघेपर्यंत पंचवीस मिनिटे गेली. आणि काल त्याच्या मुठीत विजेवरच्या पणतीतली गोल बॅटरी सापडली. पणतीत दोन होत्या. दुसरी बहुधा केरात गेली असावी.

"मुलगी शाळेत शहाण्यासारखी वागते असे तिच्या बाई सांगतात. घरी मात्र हा प्रकार, आणि आता ती खोटेही बोलू लागली आहे. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीला इतका द्वाडपणा शोभत नाही, तूच लाडावून ठेवलीस. सासरे हसतात आणि चॉकलेट देतात. मुलांना मारायचे नाही असे मी ठरवले होते, पण आता दिवसाआड हात उठतो आणि रात्री ती झोपल्यावर मला रडू येते. शेजारच्या वहिनींच्या मते मुलगी 'हायपर' आहे, डॉक्टरांना दाखवायला हवी. मी काय करू? आणि महिनाअखेरीस घरमालक येणार आहेत, त्या भिंतीचे काय करू?"

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र वाचताना पणतीच्या बॅटरीच्या ओळीवर मी थांबले आणि पुढचे न वाचता पत्रावरच्या क्रमांकावर तुम्हाला दूरध्वनी केला. त्याच रात्री तुम्ही धाकट्याचा एक्स-रे काढून घेतलात आणि तो स्वच्छ निघाला, म्हणून आज हे उत्तर शांतपणे लिहिता येते आहे. इतर वाचकांसाठी मात्र ती गोष्ट इथे पुन्हा सांगायला हवी. विजेवरच्या पणत्या, गाणी म्हणणारी खेळणी, लहान रिमोट आणि वजनकाटे यांत जी साधारण रुपयाच्या नाण्याएवढी चपटी बॅटरी असते, ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली, तर तिथल्या ओलाव्यामुळे तिच्यातून वीज वाहू लागते, दाहक क्षार तयार होतो आणि अवघ्या दोन तासांत आतून गंभीर जखम होऊ शकते. पणती पेटेनाशी झाली तरी त्या बॅटरीत एवढी शक्ती उरलेली असते. मूल सुरुवातीला अगदी हसत-खेळत असू शकते. म्हणूनच बॅटरी 'बहुधा' केरात गेली असेल, तर ती 'बहुधा' पोटातही गेली असेल असेच धरून चालावे. मुलाला ओकारी काढायला लावू नये, केळे खाऊ घालून सकाळच्या शीची वाट बघत बसू नये. एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. गणपती-दिवाळीची ती सगळी माळ-पणत्यांची पिशवी माळ्यावर टाका, आणि बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल अशी वस्तू यापुढे घरात आणू नका.

बाथरूमच्या दाराचेही तसेच आहे. त्यात मुलाची खोडी शोधू नका. अडीच वर्षांच्या मुलाच्या हाताला कडी लागली, ती सरकली, आणि सरकल्यावर उलटी कशी करायची हे त्याला उमगले नाही, इतकेच घडले आहे. त्या दाराआड भरलेली बादली होती, हे तुम्ही पत्रात ओघात लिहिले आहे. या वयाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकून पाहताना तोल गेला तर ते स्वतःला वर उचलू शकत नाही आणि वीतभर पाणीही त्याला पुरते. येत्या रविवारी यजमानांनी आतली कडी काढून मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर बसवावी. अर्ध्या तासाचे काम आहे. बादल्या रात्री पालथ्या घालण्याची सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी, आणि फिनेल, डांबरगोळ्या व सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या यांची जागा बदलावी. फिनेल सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची आपल्या घरांतली जुनी काटकसर फार महागात पडू शकते. जिवावर बेतणाऱ्या गोष्टींत मुलाला शिस्त लावून भागत नाही. तिथे आधी घर सुधारावे लागते.

आता खऱ्या खोड्यांकडे वळते. मला एक सांगा, हे सगळे प्रसंग किती वाजता घडले? तुम्ही ते लिहून ठेवलेले नाही, पण तुमच्या वाक्यांतून ते दिसते. खिचडी झाली तेव्हा तुम्ही भाजी चिरत होतात. हळद लागली तेव्हा पोळ्या लाटत होतात. कवळी गेली ती संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी. म्हणजे तीन खोड्या तुम्ही घरी आल्यापासून ताट वाढेपर्यंतच्या दोन तासांतल्या आहेत, आणि चौथा प्रसंग तर भर पाहुण्यांत, सगळ्यांचे लक्ष पंगतीकडे असताना घडला. सकाळची एकही खोडी तुमच्या पत्रात नाही. दुपारी चार तास मुले आजीजवळ असतात, तेव्हाचीही नाही. मूळचेच द्वाड मूल घड्याळ बघून द्वाडपणा करत नाही. तेव्हा 'ही अशी का वागते' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि सात ते साडेआठ या वेळात तुमच्या घरात काय चालते ते माझ्याबरोबर पाहा.

तुम्ही दिवसभर बाहेर असता. सहापासून मुलगी खिडकीच्या गजांना धरून उभी असते, असे तुम्हीच लिहिले आहे. तुम्ही येता, पर्स टेबलावर टाकता, हातपाय धुता आणि ओट्याला लागता. त्यानंतरचा दीड तास मुलांना तुमची पाठ दिसते. दिवसभर ज्या माणसाची वाट पाहिली, ते घरात आले आणि तरी आले नाही. मोठी माणसे अशा वेळी रुसतात. मुलांना एवढा वेळ रुसून बसणे जमत नाही. ती उठून काहीतरी करतात, आणि त्यांच्या लवकरच लक्षात येते की चित्र काढून दाखवले तर आई मान न वळवता "छान हं" म्हणते, पण डबा उपडा केला तर लाटणे टाकून धावत येते. तुम्ही रागावून आलात हे त्या हिशेबात फारसे मोजले जात नाही. आलात, हे मोजले जाते.

आपल्या जुन्या घरांना या वेळेची पक्की ओळख होती असे मला वाटते. तिन्हीसांजेला मूल किरकिरते म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची, देवापाशी दिवा लावून सगळ्या मुलांना शुभंकरोतीला बसवायचे, पाढे म्हणून घ्यायचे. दृष्ट लागते यावर माझा विश्वास नाही. पण दृष्ट काढताना घरातले एक मोठे माणूस हातातले काम टाकून पाच मिनिटे फक्त त्या मुलासमोर बसते, त्याच्या चेहऱ्याकडे बघते आणि त्याच्यावरून हात फिरवते, याचा गुण येत असला पाहिजे.

म्हणून पहिला बदल असा करा. घरी आल्यावर हातपाय धुऊन थेट स्वयंपाकघरात जाऊ नका. वीस मिनिटे जमिनीवर बसा. फोन पर्सच्या आतच राहू द्या. चहा तिथेच घ्या, सासूबाई करून देतील किंवा तुम्ही करून आणा, पण प्या मुलांच्या मधोमध बसून. त्या वीस मिनिटांत काही शिकवू नका आणि शाळेत काय झाले याची उलटतपासणी घेऊ नका. मुले सांगतील तो खेळ खेळा, मांडीवर बसू द्या, वेणी विस्कटू द्या. वीस मिनिटांनी जेवण तेवढ्यानेच पुढे जाईल असे तुम्हाला वाटेल, पण सध्या बादलीतले तांदूळ उपसण्यात किती वेळ जातो ते आठवून पाहा. मोठ्या काट्यावर बोट ठेवून मुलीला सांगा की काटा इथे आला की आई स्वयंपाकाला उठणार. आधी कळलेली गोष्ट मुले बरीच निमूट स्वीकारतात.

उठल्यावर मात्र त्यांना मागे सोडू नका, कामाला घ्या. इथे मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण तुमच्या मुलीने काय केले ते मला नीट बघावेसे वाटते. तिने तांदूळ घेतले, डाळ घेतली, दोन्ही मिसळले, पाणी घातले आणि ढवळले. बादली चुकली, प्रमाण चुकले; कृती बरोबर आहे! आई ओट्यावर करते तेच तिने मोरीत केले, कारण ओट्याशी तिला कोणी उभे करत नाही. मी तीस वर्षे बालवाडीत शिकवले, आणि भातुकलीचा नवा कोरा संच व खरे पोळपाट-लाटणे समोर ठेवले तर मुले कशाला हात घालतात हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्यावर आता पैजही लावत नाही. भावनगरला १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका, ज्यांना गुजरातेत कौतुकाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत, आणि त्यांच्याबरोबर काम करून पुढे १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढणाऱ्या आपल्या ताराबाई मोडक, या दोघांच्याही कामात ही गोष्ट मध्यभागी होती की मुलाला खोटे काम चालत नाही. बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे याच वस्तू शिकवण्याचे साहित्य म्हणून वापरल्या, आणि जी मुले शाळेपर्यंत येत नव्हती त्यांच्या अंगणात शाळा नेली. अंगणवाडी हा शब्द आला तो त्यातूनच. तुमच्या घरी अंगण नाही, पण परात आहे.

ओट्याला पाठ लावून, शेगडीपासून हातभर नव्हे तर चांगले चार हात लांब, एक जुनी चादर पसरा. तिच्यावर परात ठेवा. मटारच्या दिवसांत मटार, एरवी ओल्या शेंगा, पावट्याच्या शेंगा किंवा लसणाची एखादी गड्डी द्या. पाच वर्षांची मुलगी मटार सोलू शकते. अडीच वर्षांच्या मुलाला शेंग उघडता येणार नाही, पण ताईने उघडलेल्या शेंगेतले दाणे अंगठ्याने ढकलून परातीत पाडण्यात त्याला जी मजा येते ती कुठल्या खेळण्यात येणार नाही. दाणा परातीत पडताना टण् असा आवाज होतो, आणि त्या आवाजासाठी तो शंभर दाणे पाडेल. पाच-सहा खाईल, दोन-चार उडून फ्रिजखाली जातील. तिथेच बसा, निदान कान तिकडे ठेवा, कारण दाणे आणि शेंगदाणे या वयाच्या मुलाच्या नाकात किंवा श्वासनलिकेत जाऊ शकतात. धाकट्याचे खाणे थांबत नसेल तर त्याला मटाराऐवजी कणकेचा गोळा द्या. पोळ्यांच्या वेळी दोघांनाही एकेक गोळा मिळाला पाहिजे. त्याची पोळी राखाडी होईल, ती तव्यावर टाका आणि बाबांच्या ताटात वाढा. खिचडी करायचीच असेल तर उद्या मुलीकडून वाटीने मोजून घ्या: दोन वाट्या तांदूळ, एक वाटी डाळ, तिनेच धुवायचे. जेवताना आजोबांना सांगा की आजचे डाळ-तांदूळ नातीने मोजले आहेत. खिचडी फडफडीत झाली तरी गुपचूप खा.

आता मोबाइलविषयी. सात वाजले की मी शांततेसाठी मोबाइल देते, असे तुम्ही कंसात आणि थोडे ओशाळून लिहिले आहे. ओशाळू नका, दोन मुले आणि उकळते वरण यांच्यामध्ये एकट्याने उभ्या असलेल्या बाईला उपदेश करणे फार सोपे असते. पण तुमच्याच पत्रात पुढे आहे की मोबाइल काढून घेतल्यावर थयथयाट होतो आणि हळदीचा प्रसंग त्या थयथयाटानंतर घडला. म्हणजे तासाभराची उसनी शांतता व्याजासकट परत द्यावी लागते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसात एका तासाहून जास्त पडद्यासमोर बसू नये, कमी बसेल तितके बरे, असे म्हटले आहे. तुमच्या घरी हा तास नेमका मुले सर्वांत थकलेली असताना वापरला जातो. पडदा द्यायचाच असेल तर दुपारी, आजीच्या शेजारी बसून, एक गाणे किंवा एक गोष्ट संपेपर्यंत द्या आणि ती संपली की बंद करा.

थकलेली हा शब्द मी मुद्दाम वापरला. मुले बाबांची वाट बघत जागतात, अकराला झोपतात, आणि शाळेच्या गाडीसाठी मुलगी सातला उठते. दुपारी ती झोपत नाही. हे आठ तास झाले. त्याच तत्त्वांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, पाचव्या वर्षीही ती फारशी कमी होत नाही, आणि अडीच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास लागते. म्हणजे थोरलीला रोज निदान दोन तासांची उधारी चढते. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले, पण शाळा उशिरा भरून घर अकरापर्यंत जागे राहणार असेल तर त्याचा उपयोग नाही. अपुरी झोप झालेले मोठे माणूस पेंगते. मूल पेंगत नाही, त्याच्या अंगात येते. ते उड्या मारते, कारण नसताना हसते, मग कारण नसताना रडते. 'हायपर' म्हणून शेजारच्या वहिनींना जे दिसते त्यात या उधारीचा वाटा मोठा असावा, असा माझा कयास आहे. साडेआठला जेवण, नऊला अंथरूण, साडेनऊला दिवा बंद. बाबा आल्यावर फक्त थोपटून झोपवतील आणि त्यांचा खेळ सकाळी होईल. यजमानांना हे जड जाईल. पण रात्री कंटाळलेल्या मुलांशी पाऊण तास हुज्जत घालण्यापेक्षा सकाळी सातला झोप झालेल्या मुलांबरोबर दात घासणे आणि डबा भरणे त्यांना आवडू लागेल.

त्यांच्यासाठी आणखी एक विनंती आहे. "थांब, बाबा येऊ देत, मग बघ" हे वाक्य तुम्ही दोघींनी, म्हणजे तुम्ही आणि सासूबाईंनीही, सोडून द्यावे. जो माणूस दिवसातून तासभर मुलांच्या वाट्याला येतो त्याला शिपाई करू नये. शिवाय सात वाजताच्या गुन्ह्याची शिक्षा सव्वानऊला झाली, तर अडीच वर्षांच्या मुलाला त्या दोन्हींचा संबंध लागत नाही.

आता तुमचे रडू. मी तुम्हाला दोष देणार नाही, कारण दिवसभराच्या शिणानंतर हात कसा उठतो ते मला माहीत आहे. माझ्या धाकट्याने शेजारच्या काकूंच्या लोणच्याच्या बरणीत साबण टाकला तेव्हा मीही त्याला बदडले होते, आणि पाठोपाठ काकूंनी त्याला लाडू देऊन माझा उरलासुरला अधिकारही घालवला होता. मारून काय साधते ते मात्र तुम्ही स्वतः लिहिले आहे: मुलगी खोटे बोलू लागली. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. जी गोष्ट तिच्या बाईंना करता येत नाही आणि तरी जिच्यावाचून ती शाळेत शहाण्यासारखी वागते, ती घरी लागावी असे काही नाही. हात उठलाच, तर नंतर तिला जवळ घेऊन "मी मारले ते चुकले, मला राग आला होता" एवढे सांगा. त्याने आईचा मान कमी होत नाही. पण "तू असे केलेस म्हणून मला मारावे लागले" हे शेपूट त्याला जोडू नका.

खोटे बोलण्याला मोठी माणसे फार घाबरतात. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे असताना तुम्ही तिला "हे कुणी केले?" असे विचारलेत. तुम्हाला उत्तर माहीत होते, तुम्हाला ते माहीत आहे हे तिला माहीत होते, आणि खरे बोलले तर धपाटा आहे हेही माहीत होते. पाच वर्षांच्या मुलीने त्या परिस्थितीत "बाळाने" असे म्हणणे यात कपट कमी आणि अक्कल जास्त आहे. ज्याचे उत्तर डोळ्यांना दिसते आहे तो प्रश्न विचारूच नका. "भिंतीला हळद लागली आहे. फडके आण, आपण दोघी पुसू या" असे म्हणा. पुसणे ही शिक्षा म्हणून नको, निस्तरणे म्हणून हवे. तोंड वाकडे करून का होईना, तिने पुसले पाहिजे, आणि धाकट्यानेही कोरडे फडके घेऊन चार फराटे मारले पाहिजेत. सांडलेले तांदूळ तिने वाटीने भरावेत. आजोबांची कवळी तिने लपवली होती, तर ती धुऊन आजोबांच्या हातात तिनेच द्यावी आणि त्यांनी त्या वेळी हसू नये.

सासऱ्यांचे ते हसू आणि चॉकलेट हा या प्रकरणातला नाजूक भाग आहे, आणि तो तुम्ही सुनेने बोलून दाखवण्यापेक्षा मुलाने वडिलांशी बोललेला बरा. त्यांच्यावर बंदी घालू नका, त्यांना कामगिरी द्या. सात वाजता बातम्यांच्या ऐवजी अर्धा तास दोन्ही नातवंडांना घेऊन खाली सोसायटीच्या आवारात बसणे त्यांच्या गुडघ्यांना झेपेल. बातम्या नऊलाही असतात. पावसाळ्यात जिन्याच्या पायऱ्या मोजत चढ-उतर झाली तरी पुरे. सासूबाईंशी मात्र तुम्ही स्वतः बोला, आणि भांडणाच्या दिवशी बोलू नका. त्या दुपारी एकट्या दोन मुलांना सांभाळतात आणि त्या वेळात एकही उपद्व्याप होत नाही, हे तुम्ही त्यांना कधी बोलून दाखवले आहे का? ते आधी सांगा. त्या नेमके काय करतात ते विचारा. कदाचित त्या गोष्ट सांगत असतील, कदाचित वाती वळायला बसवत असतील. मग हळूच असेही सांगा की 'मुलीच्या जातीला' हे शब्द तिच्या कानावर पडू देऊ नयेत. बादली एकाने भरली आणि ढवळली दुसऱ्याने, पण द्वाड फक्त मुलगी ठरली आणि मुलगा बाळ राहिला, हे तिला आजच कळते आहे. ती त्याच्यावर आळ घालते त्यात याचाही थोडा हिशेब असेल.

राहिला 'हायपर'चा प्रश्न. ज्याला अतिचंचलता म्हणतात, त्याची लक्षणे घरी, शाळेत, पाहुण्यांकडे अशी एकाहून अधिक ठिकाणी आणि सहा महिन्यांहून जास्त काळ दिसावी लागतात. तुमची मुलगी शाळेत शांत बसते. घरी तिने अख्ख्या सोसायटीच्या चपलांच्या जोड्या तासभर बसून लावल्या, हे तुम्हीच तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. तासभर एका कामात रमणारे मूल पाहून मला तरी काळजी वाटत नाही. पुढे शाळेतूनही तक्रारी येऊ लागल्या, आवडीच्या खेळातही ती पाच मिनिटे टिकेनाशी झाली, सतत स्वतःला इजा करून घेऊ लागली किंवा धाकट्याचे बोलणे पुढे सरकत नाही असे वाटले, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवा. तोवर महिनाभर वर सांगितलेले करून पाहा आणि फडताळाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून रोजच्या खोडीपुढे फक्त वेळ लिहून ठेवा.

भिंतीचे आता सांगते, आणि हे सासूबाईंनाही वाचून दाखवा. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. आपले पारंपरिक कुंकू हळदीपासूनच अशा रीतीने करत आले आहेत; तुमचा साबण क्षारयुक्त होता, म्हणून भिंतीवर नकळत कुंकू तयार झाले. अपशकुन वगैरे काही नाही. रविवारी सकाळी मुलीला जवळ बसवा, पांढऱ्या कागदावर हळदीच्या पाण्याचा बोळा फिरवून कागद वाळवा, मग तिला काडीने साबणाच्या पाण्याची रेघ ओढू द्या आणि त्या लाल रेघेवर लिंबाचा थेंब टाकू द्या. रेघ पुन्हा पिवळी होईल. ती हे निदान वीस वेळा करील आणि नंतर शेजारच्या वहिनींनाही करून दाखवील. भिंतीवर मात्र लिंबू वापरू नका, डिस्टेंपरवर चट्टा पडेल. नुसत्या ओल्या फडक्याने साबण टिपून काढा आणि त्या बाजूचा पडदा दिवसभर उघडा ठेवा. हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही, महिनाअखेरपर्यंत बराच फिका पडेल. उरला तर घरमालक येण्याच्या आदल्या रविवारी यजमानांनी आधी प्रायमरचा आणि वर रंगाचा एक हात द्यावा. लहान ब्रश दोन आणा.